छातीवर नाव कुणाचं? जर्सीचा स्पॉन्सर आणि गावाचा राग

प्रश्न अमळनेरहून आला आहे. थोडक्यात असा: "आमचा फुटबॉल क्लब जुना. जर्सी मरून-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची, काकालोकांच्या पिढीपासून तीच. यंदा एक कृषी केंद्रवाले पूर्ण किट, तीन स्पर्धांची प्रवेश फी आणि गाडीभाडं द्यायला तयार आहेत. अट अशी की छातीभर दुकानाचं नाव, जर्सीचा रंग त्यांच्या बोर्डासारखा पिवळा-हिरवा आणि स्पर्धेत नाव नोंदवताना क्लबच्या आधी दुकानाचं नाव. निम्मी पोरं म्हणतात पैसे घ्या. जुने खेळाडू आणि मैदानावर रोज येऊन बसणारी मंडळी चिडलीत. एका काकांनी तर विचारलं, 'हाई जर्सी शे का दुकाननी पाटी?' शिवाय पैसे लावून खेळायच्या एका मोबाइल ॲपवाल्याचा फोन आलाय, तो दुप्पट देतो म्हणतो. काय करावं? आणि लोकांचं हे चिडणं कितपत मनावर घ्यावं?"

जळगावात खेळाचे कपडे छापायचा माझा धंदा आहे. त्याच्या जोडीनं स्पर्धांना आणि संघांना स्पॉन्सर गाठून देण्याचंही काम करत आलोय, त्यामुळे दोन्ही बाजूंची बोलणी कानावर पडतात. उत्तर आधी देतो, कारणं मागून. कृषी केंद्राचे पैसे घ्या आणि त्यांचं नाव छातीवर घ्या. रंग देऊ नका. क्लबचं नाव देऊ नका. ॲपवाल्याचा फोन परत उचलू नका.

आता तुमचे काका. ते स्पॉन्सरच्याच विरोधात आहेत असं धरून चालू नका. यावल-रावेरकडच्या कुठल्याही आठवडे बाजारात जाऊन बघा. रियल माद्रिदचा पांढरा टी-शर्ट घेणारं पोरगं आधी छातीवर 'एमिरेट्स' आहे का ते बघतं. नसलं तर दुकानदाराला म्हणतं, भाऊ, हा डुप्लिकेट आहे. जाहिरात नसेल तर माल खोटा! आमच्याकडेही पोरं जुन्या जर्सीची नक्कल करून मागतात तेव्हा जुन्या स्पॉन्सरसकट मागतात. लिव्हरपूल म्हटलं की कार्ल्सबर्ग, मॅराडोनाच्या काळातलं नापोली म्हटलं की बुइतोनी नाहीतर मार्स. एक बिअर, एक शेवयांची कंपनी, एक चॉकलेट. ज्या जाहिरातीबरोबर आपला संघ जिंकताना पाहिला, ती जाहिरात त्या विजयाच्या आठवणीत जाऊन बसते. तेव्हा छातीवरच्या परक्या नावाचा माणसाला मुळातच तिटकारा असतो, हे खरं नाही.

सुरुवातीला विरोध झाला तोही प्रेक्षकांपेक्षा संघटनांकडून जास्त. जर्मनीत १९७३ साली आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग या क्लबला येगरमायस्टर नावाच्या दारूवाल्यानं पैसे देऊ केले. जर्सीवर जाहिरात चालत नव्हती. मग काय केलं, तर क्लबचं बोधचिन्हच बदललं आणि तिथं त्या दारूच्या बाटलीवरचं हरणाचं डोकं आणलं. आता ती जाहिरात राहिलीच नाही, क्लबची खूण झाली! इंग्लंडात १९७६ च्या जानेवारीत केटरिंग टाउन हा छोटा क्लब 'केटरिंग टायर्स' असं छापून मैदानात उतरला. तिथल्या असोसिएशननं काढायला लावलं, तर यांनी 'केटरिंग टी' एवढंच ठेवलं आणि टी म्हणजे टाउन असा दावा केला. खटपटी माणसं सगळीकडे असतात. पुढच्याच वर्षी परवानगी मिळाली आणि १९७९ मध्ये लिव्हरपूलच्या छातीवर हिताची आलं. म्हणजे आज जे सनातन वाटतं ते पन्नास वर्षांचं आहे.

मग राग येतो तो कशाचा? माझ्या अनुभवात तो नाव छापण्याचा क्वचितच असतो. आपल्याला न विचारता आपलं काहीतरी विकलं, याचा तो राग असतो. आणि जे विकलं ते जितकं जुनं, तितका तो मोठा.

रंगाचं उदाहरण घ्या. वेल्समधला कार्डिफ सिटी हा क्लब १९०८ पासून निळा. त्यांचं टोपणनावच ब्लूबर्ड्स. २०१२ मध्ये मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी जर्सी लाल केली, कारण आशियातल्या बाजारात लाल रंग शुभ आणि खपाऊ वाटतो असा हिशेब. त्याच लाल जर्सीत संघ २०१३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये चढला. इतक्या वर्षांनी देशातली सगळ्यात वरची पायरी गाठली, तरी लोक निळे मफलर घालूनच मैदानात येत राहिले. शेवटी जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. यश देऊनही रंगाची भरपाई होत नाही, याहून मोठा पुरावा मला सापडलेला नाही. तुमच्या कृषी केंद्रवाल्यांना हीच गोष्ट सांगा. पिवळ्या-हिरव्या जर्सीत तुम्ही जिंकलात तरी गाव त्यांना दुवा देणार नाही.

नावाचं उदाहरण आपल्याच देशातलं. मोहन बागान १८८९ चा क्लब. २०२० मध्ये एटीके या कोलकात्यातल्याच दुसऱ्या संघाबरोबर एकत्र आला आणि संघाचं नाव झालं एटीके मोहन बागान. हिरवा-मरून रंग शाबूत ठेवला होता, पैसा आला होता, चांगले खेळाडू आले होते. तरी कोलकात्यातले लोक ती पुढची तीन अक्षरं काढा म्हणून तीन वर्षं मागे लागले. मार्च २०२३ मध्ये संघ आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकला आणि त्याच वेळी मालक संजीव गोयंका यांनी नाव बदलून मोहन बागान सुपर जायंट होणार असं जाहीर केलं. आता 'सुपर जायंट' हीदेखील त्यांच्याच उद्योगाची खूण, पण ती मागे गेली. पुढे काय आणि मागे काय याला लोक किती मोल देतात बघा. दुकानाचं नाव क्लबच्या आधी लावण्याची अट मला म्हणूनच सगळ्यात घातक वाटते. रंग एका हंगामात परत आणता येतो. नाव एकदा तालुक्याच्या तोंडी बसलं, पत्रिकेत छापलं, चषकावर कोरलं गेलं की ते खोडायला कोण जाणार?

सरळ सांगायचं तर छाती ही भाड्याची खोली आहे. भाडेकरूनं आत आपलं सामान लावावं, दारावर घरमालकाचं नाव राहू द्यावं.

अर्थात कंपनीचं नाव क्लबला लागणं हे प्रत्येक वेळी पापच असं नाही. नेदरलँड्समधला पीएसव्ही हा क्लब १९१३ मध्ये फिलिप्सच्या कामगारांसाठीच निघाला, नावातला पी म्हणजे फिलिप्स. जर्सीवरही कित्येक वर्षं फिलिप्स होतं आणि ते गेलं तेव्हा लोक हळहळले. गावाच्या पोटापाण्याशी जोडलेलं नाव लोक आपलं मानतात. तुमच्या अमळनेरला हे वेगळं सांगायला नको. १९४५ मध्ये तिथं वनस्पती तेलाची गिरणी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली, आणि ते शेअर सांभाळून बसलेली घरं अजून गावात आहेत. त्या काळात कुणी फुटबॉल संघ काढून छातीवर वनस्पतीचा डबा छापला असता तर आज तीच तुमची अस्सल जुनी जर्सी ठरली असती आणि हेच काका तिच्यासाठी भांडले असते. न्यूकॅसलला तसंच झालं. नव्वदच्या दशकात त्यांच्या छातीवर न्यूकॅसल ब्राउन एल होती, शहरातलीच बिअर. ती जर्सी आजही लोक जपून ठेवतात.

आणि त्याच न्यूकॅसलनं २०१२ मध्ये वोंगा आणलं. वोंगा म्हणजे पगाराच्या भरवशावर थोड्या दिवसांचं कर्ज देणारी कंपनी, वर्षाचा हिशेब केला तर व्याज ५,००० टक्क्यांच्या वर. शहर कामगारांचं, कर्जात बुडालेले लोक स्टँडमध्येच बसलेले. वोंगानं स्टेडियमला जुनं नाव परत मिळवून देण्याचं गाजर दाखवलं आणि दिलंही, तरी चीड राहिली. संघाचा सेनेगलचा खेळाडू पापिस सिसे यानं धर्माच्या कारणानं ती जर्सी घालायला आधी नकार दिला होता. २०१८ मध्ये ती कंपनीच बुडाली.

हे मी इंग्लंडचं सांगतोय, पण आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये ठेवी अडकल्याच्या जखमा किती घरांत आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या संस्था जोरात होत्या तेव्हा जाहिरातीला त्यांच्याइतका सैल हात कुणाचा नव्हता. समजा तेव्हा तुमच्या छातीवर त्यातलं एखादं नाव असतं. ज्या म्हातारीचे पैसे अडकले तिच्या नातवानं ते नाव घालून तिच्या दारावरून सरावाला जायचं का? स्पॉन्सरची बदनामी जर्सीतून तुमच्या अंगाला लागते. जर्मनीत शाल्के या क्लबच्या छातीवर २००७ पासून गाझप्रॉम ही रशियाची सरकारी गॅस कंपनी होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि क्लबनं ते नाव काढून तिथं स्वतःचंच छापलं, मोठ्या रकमेवर पाणी सोडून.

तुमच्या कृषी केंद्राबद्दल तुम्ही एवढंच विचारा की गावोगावी त्यांचं नाव कसं आहे. बियाणं उगवलं नाही अशी तक्रार घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला ते कसं वागवतात? पोरांचे बाप कापूसवालेच आहेत, चार बांधांवर चौकशी केली की दोन दिवसांत कळेल. नाव चांगलं असेल तर स्थानिक दुकान मला कुठल्याही बाहेरच्या कंपनीपेक्षा बरं वाटतं. त्यांना गावातच राहायचंय, तुम्हालाही.

ॲपवाल्याबद्दल फार लिहीत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला, त्यात जाहिरातीलाही बंदी आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. त्याच कायद्यानंतर ड्रीम-११ भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरून उतरलं आणि आशिया कपला आपला संघ नुसतं 'इंडिया' लिहिलेली जर्सी घालून खेळला. कित्येकांना ती नुसतीच जास्त आवडली, हेही इथं सांगण्यासारखं. युरोपातही वारं तिकडेच आहे. इटलीनं २०१८ मध्ये जुगाराच्या जाहिराती बंद केल्या, पाठोपाठ स्पेननं. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ मध्ये ठरवलं की २०२५-२६ च्या हंगामानंतर जर्सीच्या पुढच्या बाजूला जुगाराची कंपनी नसेल. बाहीवर चालेल म्हणे, म्हणजे पाप छातीवरून दंडावर. पानमसाल्यावाला आला तर त्यालाही हेच उत्तर. तंबाखूच्या मालाला तर २००३ च्या कायद्यानं खेळाची स्पॉन्सरशिप बंदच आहे, आणि तुमच्या क्लबात चौदा वर्षांची पोरं खेळतात. इंग्लंडात जुगाराचा स्पॉन्सर असलेल्या क्लबच्या लहान मुलांच्या मापाच्या जर्सीवर ते नाव छापत नाहीत. एवढी लाज आपणही ठेवावी.

नेतेमंडळींचं तुम्ही विचारलं नाही, पण निवडणूक जवळ आली की विचाराल. दादा-भाऊंचा हसरा फोटो पाठीवर छापून मागणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे दर हंगामात येतात. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये ते खपून जातं. फुटबॉलमध्ये नियम चार सांगतो की खेळाडूच्या साहित्यावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक मजकूर वा चित्र नको. मान्यताप्राप्त स्पर्धेत पंचानं बोट ठेवलं तर ऐनवेळी बनियन शोधत फिराल. आणि गावातली दुसऱ्या गटाची निम्मी माणसं त्या दिवसापासून तुमच्या संघाची राहणार नाहीत. ग्लासगोमध्ये धंदेवाल्यांना हीच भीती होती. एका क्लबला पैसे दिले तर दुसऱ्याचे लोक आपला माल घेणार नाहीत. म्हणून १९८४ मध्ये सी. आर. स्मिथ या खिडक्या-काचांच्या कंपनीनं सेल्टिक आणि रेंजर्स दोघांनाही एकदमच स्पॉन्सर केलं. कोलकात्यात मल्ल्यांच्या यूबी समूहानंही तेच शहाणपण दाखवलं: मोहन बागानला मॅकडॉवेल, ईस्ट बंगालला किंगफिशर. तुमच्या दुकानदाराची चोपड्याला दुसरी शाखा असेल तर ही कल्पना त्याला आवडेल. अमळनेर आणि चोपडा दोन्ही संघांच्या छातीवर तेच नाव, सामना कुणीही जिंको.

आता माझ्या धंद्यातलं. 'छातीभर नाव' ही मागणी बहुतेक वेळा अज्ञानातून येते. माणूस फ्लेक्स छापायला शिकलेला असतो, त्याला वाटतं मोठं म्हणजे चांगलं. इंग्लंडच्या असोसिएशननं पुढच्या जाहिरातीला २५० चौरस सेंटिमीटरची मर्यादा घातलीय, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर रुंद आणि १० उंच. २०१९ मध्ये हडर्सफील्ड क्लबनं पॅडी पॉवर या सट्टेवाल्यांचं नाव खांद्यापासून कमरेपर्यंत तिरप्या पट्ट्यात छापलेली जर्सी दाखवली आणि एकच गदारोळ झाला. ती खरं तर थट्टा होती. नंतर कंपनीनं छातीवर काहीच न छापलेली खरी जर्सी पुढे आणली आणि 'आम्ही जर्सी मोकळी सोडली' म्हणून वाहवा मिळवली. दंड मात्र क्लबला झाला, ५०,००० पौंड. कंपनीचा फायदा नाव मोठं छापून झाला नाही, काढून झाला, हे तुमच्या दुकानदाराला सांगून बघा. हसेल, पण ऐकेल.

तुमच्या पट्ट्यांवर अक्षरं वाचली जाणार नाहीत ही त्याची अडचण मात्र खरी आहे. मरून-पांढऱ्या पट्ट्यांवर कुठलाही रंग अर्धा बुडतो. त्यावर उपाय असा की छातीच्या मधोमध एक सलग मरून पट्टा घ्यायचा आणि त्यावर पांढऱ्यात नाव. पट्ट्यांचे जुने क्लब असंच करतात. त्याचा पिवळा-हिरवा लोगो त्याच रंगात घुसवू नका, एकाच रंगात काढून मागा. मागच्या नंबरासाठीही असाच सलग चौकोन ठेवा, पंचांचे हाल वाचतात. सब्लिमेशन छपाई करायची तर कापड पॉलिस्टरचं आणि पांढरंच लागतं, कारण शाई उष्णतेनं वाफ होऊन धाग्यात शिरते. धुऊन उडत नाही, तडकत नाही, अंगाला चिकटत नाही. तयार रंगीत जर्सीवर वरून डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापलेलं नाव, चिकटवणं स्वस्त पडतं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात घामानं आणि धोपटून धुण्यानं त्याच्या कडा सुटतात. सोललेलं नाव बघून स्पॉन्सर पुढच्या वर्षी येत नाही.

पैशाचं बोलताना दोन गोष्टी. कृषी केंद्रांचा जाहिरातीचा खर्च पेरणीच्या आधी होतो, एप्रिल ते जून. तुम्ही दिवाळीनंतर गेलात तर उरलंसुरलं मिळेल. सराफाचं उलट, तो दसरा-दिवाळी आणि लग्नसराई बघतो. दुसरं, एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीकडे जाऊन सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेल्या पैशातून, जर्सीवर नाव घ्या म्हणू नका. विक्रीच्या फायद्यासाठी केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरत नाहीत, नियमातच तसं लिहिलंय. ग्रामीण खेळाच्या प्रशिक्षणाला मात्र सीएसआरचा पैसा चालतो. म्हणजे कंपनीकडून पोरांचं शिबिर, गोलपोस्ट, चेंडू मागा आणि छाती दुकानदाराला द्या. दोन खिसे वेगळे ठेवा.

काकांचं काय, तर त्यांना बोलवा. बार्सिलोनासारख्या क्लबनं शंभर वर्षांहून अधिक काळ छाती कोरी ठेवली, २००६ मध्ये युनिसेफचं नाव घेतलं आणि वर पैसेही स्वतःच दिले. पुढे कतारचा पैसा घ्यायची वेळ आली तेव्हा बरीच कुरकुर झाली, पण करार सभासदांच्या सभेपुढे ठेवला आणि मंजूर झाला. तुम्ही एका संध्याकाळी मैदानावरच दोन नमुने घेऊन बसा, एक दुकानदाराच्या मनासारखा पिवळा-हिरवा आणि एक मरून पट्ट्यांवर नाव असलेला. खर्चाचा कागदही ठेवा: किट किती, प्रवेश फी किती, गाडी किती, वर्गणीतून किती जमते. जुन्या माणसांना आकडे दाखवले की ती फार व्यवहारी होतात. दुकानदारालाही त्या सभेला बोलवा. समोर बसलेल्या माणसांना गिऱ्हाईक म्हणून तो ओळखत असेल, त्यांच्यापुढे तो रंगाचा हट्ट धरणार नाही.

मग एक पानभर करार लिहा. नाव छातीवर, २५ बाय १० च्या आत, क्लबच्या रंगात. मुदत दोन हंगाम, कारण एका वर्षात बदललेलं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही आणि तुमचाही छपाईचा खर्च दुप्पट होतो. क्लबचं नाव, रंग आणि बोधचिन्ह बदलणार नाही. दुकानावर फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला तर क्लबला नाव काढायची मुभा. त्या बदल्यात मैदानावर त्यांचा एक फलक, पत्रिकेत 'सौजन्य' म्हणून नाव आणि बक्षीस समारंभाला खुर्ची. देणगीची पावती फाडू नका, जाहिरातीचं बिल करा, त्यांच्या सीएला तेच लागतं. पैसे चेकनं किंवा खात्यावर, निम्मे करार झाल्यावर आणि निम्मे छपाई सुरू होण्याआधी. आणि लोगो व्हॉट्सॲपवरचा फोटो पाठवू नका, त्यांच्या बोर्ड करणाऱ्याकडून सीडीआर फाइल (छपाईची मूळ कोरलड्रॉ फाइल) मागून घ्या.